पूर ओसरल्यावर गावाला काय लागतं, हे कसं मोजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सीना नदीकाठचं तुमचं गाव २०२५च्या सप्टेंबरअखेरच्या पुरात बुडालं. पंचनामे झाले, याद्या लागल्या, काहींच्या खात्यावर पैसेही आले. आता तुम्ही कॉलेजची दहा-बारा मुलंमुली मिळून ‘गाव पुन्हा उभं राहायला काय लागेल’ याचं सर्वेक्षण करणार आहात. पंचनाम्यापेक्षा वेगळं काय विचारायचं आणि किती घरं घ्यायची?

मी मराठवाड्यात एका संस्थेसाठी अशी सर्वेक्षणं करते. म्हणून आधी एकच सांगते: दुसरा पंचनामा करायला जाऊ नका. हातात फॉर्म दिसला की लोक ‘काय काय गेलं’ ते सांगू लागतात, आपण लिहीत जातो, आणि संध्याकाळी हातात तलाठ्याकडे आधीच असलेली यादी येते. तीही जरा फुगलेली.

पंचनाम्याचं काम ठरलेलं आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून नुकसान नोंदवतात (तिघांचीही पदनामं आता बदललीत, पण गावात तलाठी तो तलाठीच). पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर २०२५मध्ये लागू असलेल्या केंद्राच्या निकषाप्रमाणे जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५००. हे दर नुकसान भरून काढायला ठरवलेलेच नाहीत, तो तातडीचा आधार आहे. त्यामुळे ‘एवढ्यात काय होतंय’ हा राग खरा असला, तरी तुमच्या सर्वेक्षणाचा तो विषय नाही.

तुमचा विषय कुठे सुरू होतो ते एका घरावरून सांगते. पाणी चढायला लागलं तेव्हा एका ताईंनी रात्रीतून दोन्ही गाई दावं सोडून उंचावरच्या शाळेत नेल्या. गाई वाचल्या. कडब्याची गंजी आणि सोयाबीनचं भुसकट मात्र वाहून गेलं. पंचनाम्यात जनावराच्या रकान्यात शून्य, आणि ते बरोबरच होतं, कारण जनावर मेलं नव्हतं. पण वैरण कुणाकडेच उरली नव्हती, विकत घ्यावी तर भाव परवडत नव्हता. दूध आटलं, डेअरीचं दहा दिवसांचं बिल निम्म्यावर आलं, आणि बचत गटाचा हप्ता त्या बिलातूनच जायचा. शेवटी एक गाय बाजारात नेली. तिथे प्रत्येक जण विकायलाच आलेला, त्यामुळे मिळेल त्या भावाला दिली. या घराला लागत होती दोन-तीन महिन्यांची वैरण, म्हणजे हिरवा चारा हाताशी येईपर्यंतची सोय. एका गाईच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ होता. पण कुठल्याच कागदावर तो मागायला जागा नव्हती.

जगभर हे मोजण्याची एक पद्धत आहे. १९७०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका आयोगाने तिचा पाया घातला; २००८मध्ये संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक आणि युरोपीय संघ यांनी एकत्र येऊन ती पुढे नेली. तिच्यात तीन गोष्टी वेगळ्या धरतात. हानी म्हणजे पडलेली घरं, रस्ते, विहिरी, पाण्याच्या मोटारी. तोटा म्हणजे त्यामुळे पुढे बुडणारं उत्पन्न आणि वाढणारा खर्च. तिसरी गरज, म्हणजे पुन्हा उभं राहायला, आणि पुढच्या वेळी एवढं पडू नये म्हणून, लागणारा पैसा. नेपाळच्या २०१५च्या भूकंपात सुमारे ७०६ अब्ज नेपाळी रुपयांचा फटका मोजला गेला. त्यातले ५१७ अब्ज हानीचे होते आणि त्यात मोठा वाटा घरांचा. केरळच्या २०१८च्या पुरात उलट झालं: हानी साधारण साडेदहा हजार कोटींची, तर तोटा सोळा हजार कोटींच्या वर. पूर भिंती पाडतो त्यापेक्षा जास्त रोजगार पाडतो. तुमच्या गावातही बहुधा तेच दिसेल. आणि गरज म्हणजे या दोहोंची बेरीज नव्हे, हेही या दोन अहवालांत दिसतं. केरळची गरज बेरजेहून जास्त निघाली, ३१ हजार कोटींच्या आसपास. नेपाळची कमी, ६६९ अब्ज.

गरज ठरवताना मोजपट्टी चुकली की काय होतं, ते आपल्याकडे लातूर-धाराशिवला बघायला मिळतं. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. घर किती मोठं द्यायचं ते जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या खातेदारांना ७५०. घरात माणसं किती, जनावरं किती, सोयाबीनची पोती कुठे ठेवणार, हे त्या हिशेबात नव्हतं. नव्या गावांत हिंडलात तर घरांना मागून-पुढून जोडलेली पत्र्याची शेडं दिसतील. राहून गेलेली गरज लोकांनी आपल्या खर्चाने भागवली. घरं मजबूत झाली, यात वाद नाही. जिथे गाव न हलवता घरं दुरुस्त करायची होती, तिथे मात्र गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं आणि घरमालक स्वतः काम करून घेत होते. माझ्या मते त्या सगळ्या कार्यक्रमातला शिकण्यासारखा भाग तोच.

आता विचारायचं काय. मी सहसा असं विचारते: ‘आत्ता हातात दहा हजार आले तर आधी कशाला लावाल?’ उत्तर क्वचितच पंचनाम्यातल्या वस्तूचं येतं. कुणी मोटारीचा स्टार्टर म्हणतं, कुणी हप्ता, कुणी मुलीची फी. एक शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘मशीन धुऊन घेतलंय, चालतंय, पण गिऱ्हाइकांची कापडं वाहून गेली, ती आधी भरून द्यायचीत.’ दुसरा प्रश्न: पुरानंतर काय विकलं, काय गहाण टाकलं, कुणाकडून किती उचललं? मायक्रोफायनान्सचा हप्ता आठवड्याचा की पंधरवड्याचा, तेही लिहा. ज्या घराने कमावण्याचं साधनच विकायला काढलंय, ते घर यादीत वर घ्या, मग भिंत शाबूत का असेना.

तिसरं म्हणजे वेळ. गरजेला तारीख लावल्याशिवाय ती नोंदवू नका. रानाला वाफसाच, म्हणजे पेरण्याजोगी ओल, आला नाही तर रब्बी ज्वारीची वेळ निघून जाते. मग हरभरा, तोही हुकला तर उशिराचा गहू, तेही पाणी असेल तर. बियाणं डिसेंबरअखेर मिळालं तर ते मिळालं म्हणायचं का? ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन निघून जातात. ती गावात असताना गाठली नाहीत, तर सगळ्यात अडचणीतली माणसं तुमच्या आकड्यांत नसतील.

जमिनीच्या बाबतीत ‘रान गेलं’ एवढ्यावर थांबू नका, रानात जाऊन उभं राहा. गाळ येऊन बसलाय की वरची माती खरडून मुरूम उघडा पडलाय? निकषांतही गाळ काढायला हेक्टरी १८,००० आणि वाहून गेलेल्या जमिनीला ४७,००० असे वेगळे दर आहेत. पण खरा फरक वर्षांचा आहे. गाळाचं रान लवकर हाती येऊ शकतं. खरडलेल्यात बाहेरून माती आणून टाकल्याशिवाय पीक उभं राहत नाही. बांध, पाइपलाइन, बुजलेली विहीर हे त्याच फेरीत बघून घ्या.

यादीत कोण नाही, हे शोधायला वेगळा अर्धा दिवस ठेवा. बटईने किंवा खंडाने करणारा: पीक त्याचं, सातबारा दुसऱ्याचा, पैसे सातबारावाल्याच्या खात्यात. शेतमजूर बाई, जिची काढणीची मजुरी बुडाली. नवऱ्याच्या माघारी अजून वारस नोंद न झालेली. पालावर राहणारे, ज्यांचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, लागलेलंच नाही. बायकांशी बायकांनीच आणि वेगळं बसून बोलायचं. चावडीवर सरपंचांसमोर विचारलंत तर सगळ्यांना एकसुरात रस्ता आणि पूल हवा असतो.

किती घरं? तीनशे उंबऱ्यांच्या गावात पन्नास-साठ पुरेत, पण ती सरसकट उचलू नका. नदीकाठची ओळ, गावठाण, दलित वस्ती, मळ्यातल्या वस्त्या, पालं, प्रत्येकातून काही घ्या आणि उत्तरं तीच-ती यायला लागली की तिथे थांबा. आधी एखाद्या जुन्या जाणत्यासोबत शिवारफेरी करा. फॉर्म दोन पानांचा ठेवा आणि दारात उभं राहूनच सांगा की आम्ही पैसे देणारे नाही. हे सांगितल्यावर काही जण बोलायचे थांबतात, थांबू द्या.

आकडे जमले की आधी ग्रामसभेत वाचून दाखवा. चूक तिथेच कुणीतरी पकडतं, आणि थोडी भांडणंही होतात. मग गरजांचे तीन गठ्ठे करा: गाव स्वतः करू शकेल ते, ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आणि रोजगार हमीत बसेल ते, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे मागावं लागेल ते. खरडलेल्या जमिनीसाठी राज्याने जाहीर केलेली हेक्टरी ३ लाखांची मदत रोजगार हमीतून आहे. म्हणजे ती आपोआप खात्यात येणारी नाही, कामं मंजूर करून घ्यावी लागतील. त्यामुळे त्या रानांचे गट नंबर आणि फोटो पहिल्याच फेरीत घेऊन ठेवा.