सर्व्हरची डिस्क मरतेय, एफएससीके (फाईलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू का?

प्रश्न : फोंड्याला घरी जुन्या पीसीवर उबुंटू टाकून फाईल सर्व्हर केलाय, आमच्या जत्रेतल्या नाटकांची सगळी रेकॉर्डिंगं त्यावरच आहेत. आता कॉपी मध्येच अडकते, लॉगमध्ये आयओ (डिस्क वाचण्या-लिहिण्याच्या) एरर दिसतात. एफएससीके चालवू का?

उत्तर : नको, आत्ता अजिबात नको! ते डिस्कवर लिहितं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिलं तर उरलंसुरलंही जाईल. आधी स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कच्या तब्येतीचे आकडे बघा. फक्त १९९ नंबरचा, म्हणजे सीआरसी एररचा (डेटा वाटेत बिघडल्याचा) आकडा वाढत असेल तर बहुतेक डिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा घोळ आहे, आपल्याकडच्या दमट हवेत कनेक्टरही गंजतात, ते तपासा आणि केबल बदला (आकडा कमी होत नाही, वाढायचा थांबला की झालं). पण ५, १९७, १९८ हे खराब जागांचे आकडे वाढत असतील तर डिस्कच चाललीय. मग शेअर बंद, डिस्क अनमाउंट (म्हणजे सिस्टमपासून सोडवा), आणि तेवढी किंवा मोठी नवी डिस्क आणून डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचवायच्या कमांडने अख्खी कॉपी काढा. कमांडमध्ये आधी जुनी, मग नवी, हे दोनदा वाचा हो, उलट झालं तर सगळं पुसलं जाईल! मॅपफाईल (कॉपी कुठवर झाली त्याची नोंद) दुसऱ्या चांगल्या डिस्कवर ठेवा, वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. एफएससीके नंतर, त्या कॉपीवर. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, लगेच बंद करून रिकव्हरीवाल्याकडे न्या.