व्यवसायाच्या रकान्यात

प्रिय मित्रा,

काल रात्रीचा तुझा भलामोठा मेसेज वाचला. साहित्य मेळाव्याच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी तू अडलास. पतपेढीतला कारकून लिहायचं की लेखक, ते ठरेना. म्हणून थेट राजीनामाच? नोकरी सोडू नकोस.

तू चांगलं लिहितोस वगैरे सांगत बसत नाही. ते तुला ठाऊक आहे आणि त्यावर लोकलचा पास निघत नाही. पण ‘या नोकरीत माझ्यातला लेखक मरतोय’ हे वाक्य मला झोंबलं. याच मुंबईत नारायण सुर्वे गिरणीत राबले, पालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग मास्तर झाले. पहिला संग्रह आला १९६२ साली. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात होते. यांच्यातला कवी मेला का रे?

मी मुलुंडच्या जकात नाक्यावर होतो. रात्रपाळीला ट्रकवाला खाली उतरायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बिल्टी, म्हणजे मालाची पावती, खिडकीतून आत सरकवायचा. ‘माल काय?’ विचारलं की खरं बोलणारा पटकन बोलायचा. दुसरा आधी हवापाण्याचं काढायचा. संवाद लिहायला मी त्या खिडकीत शिकलो, शिबिरात नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली आणि मला दुसऱ्या खात्यात टाकलं. तिथे समोर माणूस नाही, नुसत्या फायली. तेव्हाचं माझं लिखाण कोरडं आहे, असं तूच म्हणालास. राग आला होता. पण बरोबर बोललास.

लोक म्हणतात, नोकरी नसती तर याची दहा पुस्तकं झाली असती. एकच आहे. असू दे! त्यातलं एकही पान कुणाची मर्जी राखायला लिहिलेलं नाही, कारण एक तारखेला पगार व्हायचा. मालिकेचं काम आलं होतं. सासू आणखी दुष्ट करा म्हणाले, मी उठून आलो. पगार नसता तर केली असती की दुष्ट, हात जोडून केली असती. (हिला विचारू नकोस. तिच्या मते मी आळशी आहे.)

परवा चहा पिताना तू सहज बोलून गेलास: हप्ते थकले की नोटीस जामीनदारालाही जाते, मग जामीन राहिलेला मेहुणा काउंटरवर येतो आणि कर्जदाराचं नाव न घेता ‘आमचे ते’ म्हणतो. हे तुझ्या गोष्टीत कुठे आहे? गोष्टीत पाऊस आहे, एकटेपण आहे, मरीन ड्राइव्ह आहे. अरे, राहतोस विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, मरीन ड्राइव्हला वर्षातून एकदा जातोस! नोकरी सोडलीस की लिहायला तेवढंच उरेल.

फॉर्मवर कारकून लिही. नोकरी सोडू नकोस. रविवारी सकाळी ये, पोहे आहेत. मेहुण्याची गोष्ट आण, आणि शेवटचा परिच्छेद घरीच काढून टाक. दर वेळी तिथे तू भाषण करतोस.