वाचकांचे प्रश्न: ऋण सात मोठा की ऋण तीन?

प्रश्न: सर, मी यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यावर सहावीला गणित शिकवते. पोट्टे −७ ला −३ पेक्षा मोठा म्हणून रायले, "सात मोठेच ना मॅडम" म्हणतात. संख्यारेषा काढून काढून थकली मी, काय करू?

उत्तर: मॅडम, ती संख्यारेषा थोडे दिवस उभी करा. पोरांना विहिरीपाशी न्या (कठड्यापासून लांब बरं का), जमीन म्हणजे ०, पाणी उन्हाळ्यात −७ मीटरवर अन् पोळ्याच्या टायमाले −३ वर, आता विचारा पाणी वर कधी होतं. वरचं ते मोठं, पोट्टे स्वतःच सांगतात.

बेरजेला तुरीचा दाणा +१, सरकी −१. दाणा अन् सरकीची जोडी जमली की शून्य, उचलून बाजूला. ३ + (−५) मध्ये शेवटी दोन सरक्या उरतात, −२. हे हातानं करू द्या.

खरी गोची वजा ऋणची. तिथं मी उधारी काढतो. किराण्यात ५०० बाकी म्हणजे −५००, शेठनं त्यातले २०० माफ केले, म्हणजे कर्जच वजा झालं, −५०० − (−२००) = −३००. कर्जमाफी म्हटलं की आपल्याकडं कोणत्याही पोराले समजते! आपल्या जुन्या गणितज्ञ ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये हे नियम धन अन् ऋण, म्हणजे संपत्ती अन् कर्ज, असेच मांडले होते. फक्त ते ‘वजा वजा अधिक’ पाठ करून घेऊ नका, माझ्या वर्गात अर्ध्या वह्यांत −२ − ३ चं उत्तर +५ निघालं होतं.