वाशीच्या खाडीत जिताड्यासाठी पहिला रॉड आणि रील कोणता घ्यावा?

जिताडा म्हणजे आशियाई सी बास. गोड्या पाण्यातल्या बाससाठी मिळणारं हलकं सामान त्याच्यापुढे टिकत नाही. सात-आठ फुटी, मीडियम-हेवी स्पिनिंग रॉड आणि ४००० साइजचं रील घ्या. बेटकास्टर, म्हणजे दोरी सुटताना चकरी स्वतः फिरते ते रील, सध्या नको. खाडीवरच्या वाऱ्यात नवख्याच्या दोरीचा हमखास गुंता होतो.

रॉडपेक्षा लीडरकडे, म्हणजे गळाजवळच्या जाड दोरीच्या तुकड्याकडे, जास्त लक्ष द्या. लोक नेमके तिथेच पैसे वाचवतात. जिताड्याच्या कल्ल्यांची कड धारदार असते आणि तोंड आतून कानशीसारखं खरखरीत. तो उडी मारून डोकं झटकतो तेव्हा दोरी तिथेच घासते. म्हणून २० ते ३० पौंडी ब्रेडला (रीलवरच्या विणलेल्या मुख्य दोरीला) पुढे लीडर म्हणून मीटरभर ४० पौंडी फ्लुरोकार्बन (घासणं सोसणारी दोरी) बांधा. प्रत्येक माशानंतर लीडरवरून बोट फिरवा. खरखर लागली की तेवढा भाग कापून नव्याने गाठ मारा. ड्रॅग (मासा दोरी ओढतो तेव्हा रीलचा लागणारा ब्रेक) दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव ठेवा, म्हणजे २० पौंडीला दोन किलोच्या आसपास.

आमिष म्हणून चार इंची सॉफ्ट प्लास्टिक शॅड (मऊ प्लास्टिकचा नकली मासा) पुरे. जिवंत कोळंबी मिळाली तर माझं मत तिलाच. खांब, खडक, तिवरांची कड धरा, भरती-ओहोटीचं पाणी हलत असताना. मधे पाणी थांबलं की चहा प्या.

घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने हलकेच धुवा, जोराच्या धारेने नाही. आणि ऐरोली-वाशी पुलांमधल्या पश्चिम काठावर फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे गळ टाकू नका.