धूमकेतूवर 'दरड' कोसळते का?

मुलुंडच्या एका शिक्षिका शाळेच्या विज्ञान मंडळासाठी रोझेटा यानाने काढलेल्या धूमकेतूच्या फोटोंखाली मराठी ओळी लिहीत आहेत. फोटो 'आधी' आणि 'नंतर' अशा जोड्यांचे आहेत. एका जोडीत उभा कडा तुटून पडलेला दिसतो. त्यांनी लिहिलं, 'दरड कोसळली'. एका सहकाऱ्याने ते खोडून 'भूस्खलन झाले' केलं. दुसऱ्याने विचारलं, धूमकेतूवर 'भू' कुठून आणलीत? आता योग्य काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

आधी फोटोत काय आहे ते बघू. हा धूमकेतू ६७पी, म्हणजे चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को. जेमतेम ४ किलोमीटरचा, दोन गोळे बारीक मानेने जोडल्यासारखा. रोझेटा ६ ऑगस्ट २०१४ रोजी त्याच्यापाशी पोचलं आणि ३० सप्टेंबर २०१६ पर्यंत त्याच्या सोबत राहिलं. मधे, १३ ऑगस्ट २०१५ला, धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ येऊन गेला. तापण्याआधीचा आणि तापून गेल्यावरचा, असे एकाच जागेचे दोन्ही फोटो म्हणूनच मिळाले. तिथल्या भागांना इजिप्तच्या देवदेवतांची नावं दिली आहेत. त्यातल्या 'सेथ' भागात अस्वान नावाचा सुमारे १३० मीटर उंचीचा कडा आहे. सप्टेंबर २०१४च्या फोटोत त्याच्या माथ्यावर ७० मीटर लांब आणि मीटरभर रुंद भेग दिसते. १० जुलै २०१५ला यानाच्या दिशादर्शक कॅमेऱ्याने त्या बाजूने उडालेला धुळीचा फवारा टिपला. पाच दिवसांनी ओसायरिस कॅमेऱ्याच्या फोटोत कड्याची धार गायब होती आणि तिथे आतलं बर्फ लख्ख चमकत होतं. बाकीचा धूमकेतू कोळशासारखा काळा, पडणाऱ्या प्रकाशापैकी ६ टक्क्यांच्या आसपास परत पाठवणारा. ही ताजी जखम मात्र ४० टक्क्यांहून जास्त.

आता 'दरड'. बोरघाटात दरड कोसळली, गाड्या रखडल्या, हे पावसाळ्यात आपण इतक्यांदा वाचतो की दरड म्हणजे रुळांवर येऊन पडलेली माती आणि दगड, असंच वाटायला लागतं. 'दरड हटवली', 'रस्त्यावर दरड आली' हे त्यातूनच आलं. मुळात दरड म्हणजे डोंगराची किंवा नदीकाठाची उभी, आधार सुटलेली बाजू. पडते ती दरड, पडलेला असतो तो ढिगारा. या मूळ अर्थाने अस्वानचा कडा अस्सल दरड आहे आणि बाईंचं वाक्य व्याकरणाने आणि अर्थाने चोख आहे. अडचण आहे ती ऐकणाऱ्याच्या कानाची. घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्यांखाली राहणाऱ्या मुलाला 'दरड' म्हटलं की पाऊस आणि डोंगरात मुरलेलं पाणी आठवणार. धूमकेतूवर पाऊस नाही आणि वाहतं पाणीही नाही. तिथे कडा कमकुवत होतो तो तापण्या-गोठण्याने.

'भू'वरचा आक्षेप मला फारसा पटत नाही. चंद्राची भूरचना आपण बिनदिक्कत म्हणतो. 'भूस्खलना'त मला खटकतं ते 'स्खलन'. ते घसरणं झालं, उतारावरून थर सरकत येणं. इथे कडेचा तुकडा सुटून खाली गेला आहे. शिवाय तो शब्द सरकारी परिपत्रकातला वाटतो, मुलांच्या भित्तिपत्रकावर तर फारच.

म्हणून मी लिहीन: 'कडा कोसळला'. यावर कुणी म्हणेल, तिथे गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण की सेकंदाला मीटरभर वेगाने वर फेकलेला दगड परत येण्याची खात्री नाही; कड्याच्या माथ्यावरून सुटलेल्या धोंड्याला पायथा गाठायला ढोबळ हिशेबाने वीसेक मिनिटं लागतील, आणि आवाज तर शून्य. याला कोसळणं कसं म्हणायचं? खुशाल म्हणावं. सरकार कोसळायला चार दिवस लागतात, तरी आपण कोसळलंच म्हणतो. 'धडाधड' किंवा 'गडगडाट' मात्र नको. 'ढासळला'ही नको, बुरूज ढासळतो तो थोडाथोडा, वर्षानुवर्षं.

बाकीच्या जोड्यांनाही हाच काटा लावावा, कारण मराठी क्रियापद नुसती घटना सांगत नाही, ती कशी घडली तेही सांगून टाकतं. सेथमध्येच गोल, खोल विवरं आहेत, एखादं २०० मीटर रुंद. आतली पोकळी वाढून वरचं छत आत गेलं असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. तिथे 'खचलं' हाच शब्द. मुंबईतला रस्ता खचतो तसाच, आतून. इमहोटेप नावाच्या सपाट भागात जून २०१५मध्ये उथळ गोल खळगे उमटले आणि महिन्याभरात पसरत गेले. तिथे पडलं-झडलं काही नाही. पृष्ठभागाखालचं बर्फ द्रव न होता थेट वाफ होऊन गेलं, कपाटातल्या डांबरगोळीसारखं. त्याला 'धूप' म्हटलं तर पाणी-वारा मनात येतो. 'खळग्यांच्या कडा विरत गेल्या' हे मला जास्त जवळचं वाटतं. आणि भेगेबद्दल: जमिनीला किंवा टाचेला पडते ती भेग, ताण आल्यावर काचेला किंवा इमारतीच्या बीमला जातो तो तडा. धूमकेतूच्या मानेवर सुमारे ५०० मीटर लांब चीर आहे, तिला मी 'तडा' म्हणेन.

सर्वांत जपून लिहायची जोडी खोन्सू भागातल्या शिळेची आहे. ३० मीटर रुंदीची, सुमारे १२,८०० टन वजनाची ही शिळा पहिल्या फोटोत एका जागी आहे, नंतरच्या फोटोत १४० मीटर पलीकडे. खालचा उतार झिजून ती गडगडत गेली असेल, किंवा जवळच झालेल्या एखाद्या उद्रेकाने ती उचलून पलीकडे टाकली असेल. जाताना तिला कुणीच पाहिलेलं नाही. 'गडगडली' लिहिलं की पहिल्याची बाजू घेतली, 'फेकली गेली' लिहिलं की दुसऱ्याची. त्यामुळे तिच्याखाली एवढंच पुरे: 'शिळा १४० मीटर हललेली दिसते.'