खेड्यातून अमरावतीला बीएस्सीला आलो, दोन महिने झाले, मन लागत नाही अन् इंग्रजी डोक्यावरून जाते. सोडून गावी परत जाऊ का?

सोडू नको भाऊ. मी पण दर्यापूरकडच्या खेड्यातला आहे, बारावीपर्यंत पुस्तक इंग्रजी असलं तरी सर मराठीतूनच समजावून सांगायचे आणि इथं आल्यावर पूर्ण तास इंग्रजीत, पहिले काही दिवस तर मी नुसता फळ्यावरचं उतरवून घेत होतो. मग एक केलं, वहीच्या उजव्या पानावर सर बोलतील ते, अन् डाव्या पानावर रात्री रूमवर बसून त्याचाच मराठीत अर्थ. दिवाळीपर्यंत डावं पान आपोआप रिकामं राहायला लागलं. मराठीत प्रश्न विचारायची लाज बिलकुल बाळगू नको, तास संपल्यावर सरांना व्हरांड्यात गाठायचं, बहुतेक सर नीट सांगतात.

दुसरं म्हणजे पैशाचं टेन्शन. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या वेबसाइटवर, स्कॉलरशिपचा फॉर्म भरला नसेल तर आजच भर, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायला वेळ लागते. एसटीचा विद्यार्थी पास काढला तर भाड्यात ६६.६७ टक्के सवलत आहे, गाव जवळ असेल तर काही पोट्टे रोज येणंजाणंच करतात.

आणि घरची आठवण येणारच रे. कापूस वेचायच्या दिवसात माय एकटी वावरात असंन हा विचार मला तासाला बसू देत नव्हता. मी दर रविवारी सकाळी फोन करायचो, ती आधी जेवला का विचारायची मग कापसाचा भाव सांगायची, तेवढ्यावर आठवडा निघून जायचा.

एखादा विषय राहिला तरी एटीकेटी असते, म्हणजे पुढच्या वर्गात जाऊन तो पेपर पुन्हा देता येते, घाबरू नको. तुझं गाव कोणतं ते सांग.