मुंग्या आल्या तर सांग

रामबाग, इंदूर

चि. बाळ,

फोन मुद्दाम केला नाही. केला असता तर तू बोलली असतीस, आणि ‘मी अगदी बरी आहे हो ताई’ हे मला पटवायला गरजेपेक्षा मोठ्यानं बोलली असतीस. म्हणून पत्र.

तुझं थायरॉईड पूर्ण काढलं, उद्या घरी सोडणार, असं आई म्हणाली. माझंही पूर्णच काढलं होतं, त्याला आता 12 वर्षं होतील. तेव्हा मला जे नीट कळलं नव्हतं, तेच आधी लिहिते.

पहिल्या तीन-चार दिवसांत ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नकोस. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, बहुतेकांना चार. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा दुखावला की त्या मंदावतात आणि कॅल्शियम उतरतं. माझ्या तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या बायकांनी खोली भरली होती. ओठ बधिर झाले होते, मी हसत बसले. संध्याकाळी बोटं आखडून एकमेकांना चिकटली, ती उघडेनात. रात्री दवाखान्यात शिरेतून कॅल्शियम दिलं, तेव्हा हात मोकळे झाले. दिवसभर मी कुणाला सांगितलं नाही, कारण सोसायची सवय. तीच सवय मी तुला लावली. पाय बधिर झाले तरी बैठक मोडायची नाही, असं तुला किती वेळा रागावले असेन! ते रियाजापुरतं. इथं मुंग्या आल्या की लगेच आईला सांगायचं आणि डॉक्टरांना फोन लावायचा. बोटं वळायला लागली तर थेट दवाखाना. आणि गळा सुजून ताणल्यासारखा झाला, श्वास जड गेला, तर फोन करण्यातही वेळ घालवायचा नाही, लगेच निघायचं. असा रक्तस्राव बहुधा पहिल्या चोवीस तासांतच होतो, पण घरच्यांना माहीत असू दे.

आता आवाज. तुझी खरी भीती हीच, मला ठाऊक आहे. तो घोगरा लागेल, लवकर थकेल. स्वरयंत्राच्या नसा थायरॉईडला अगदी लागून जातात, आणि त्यातली एक बारीक शाखा वरचे स्वर ताणून धरणारा स्नायू हलवते. म्हणून मध्य सप्तक परतलं तरी तार सप्तक मागे राहू शकतं. माझा तार षड्ज पाचव्या महिन्यात लागला. तोवर रोज ‘बघू लागतो का’ म्हणून पाहू नकोस. मी पाहायचे, आणि रोज रडायचे. कुजबुजूही नकोस, त्यानं गळ्यावर जास्त ताण येतो. बोलायचं ते हळू, पण साध्या आवाजात आणि थोडकं. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा काही आठवड्यांनीही आवाज फुटत नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू दुर्बिणीनं पाहून घेऊ. मी सोबत येईन.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा, पोहे, त्यांवरचा जीरावण मसाला सगळं अर्ध्या-पाऊण तासानं. बाबा सकाळी सकाळी गरम पोहे-जलेबी घेऊन आले तरी थांबायचं. कॅल्शियमची गोळी मात्र तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. रक्ताची तपासणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी होते, कारण औषधाचा परिणाम रक्तात स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. मधल्या काळात मरगळ आली, उगाच रडू आलं, तर तो तुझ्या मनाचा दुबळेपणा समजू नकोस. मात्रा अजून जुळायची असते.

रात्री दोन उशा घे. उठताना कुशीवर वळून, डोक्याला हाताचा आधार देऊन ऊठ. मान लाकडासारखी धरून बसू नकोस, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू फिरव. मान वळवून मागचं बघता येईपर्यंत स्कूटी नाही. व्रण पूर्ण भरला की वर्षभर त्याला उन्हापासून जप, ओढणी आहेच.

1948 मध्ये कुमारजी, आपले कुमार गंधर्व, क्षयानं आजारी होऊन देवासला आले, तेव्हा त्यांचं गाणं कित्येक वर्षं बंद होतं. ऐकणं बंद नव्हतं. माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांनी त्याच दिवसांत कानात साठवली. तुला तेवढं थांबावं लागणार नाही. पण या काही आठवड्यांत तू फक्त ऐकावंस, असं मला फार वाटतं.

गुरुवारी येते. तंबोरा माझा आणते, जुळवतेही मीच. तू उशीला टेकून पडून राहा. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ मला एकच शब्द लिहून पाठव. मुंग्या आल्या का? हो, किंवा नाही.

तुझी,
ताई